जाऊबाई गोड बोलू लागल्या

कालीपा आणि जिपार या दोन जावांचं समोवारावरून वाकडं आहे, हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. सासू गेली तेव्हा रीतीप्रमाणे घर धाकट्या मुलाकडे आलं, आणि घराबरोबर चहाचं पाणी उकळायचा तिचा पितळी समोवारही. कालीपा थोरली. तिचं म्हणणं, सासूने मरताना समोवार मला दिला. जिपारचं म्हणणं, मरताना सासूची वाचा गेली होती, देईल कशी? झालं. तेव्हापासून कालीपाने धाकटीच्या घरचा चहा तोंडाला लावला नव्हता. सणावाराला यायची, मांस खायची, समोवाराकडे एकदा डोळे वटारून बघायची आणि आपला प्याला पालथा घालून उठायची.

तर ही अशी कालीपा एका सकाळी ताज्या साईचं भांडं घेऊन जिपारच्या दारात आली, बूट काढून आत शिरली, तिच्या अंथरुणाशी मांडी घालून बसली आणि म्हणाली, "जिपार, माझी बाई गं ती. किती वाळलीस. चहा टाकायला सांग सुनेला, दोघी घेऊ."

जिपारच्या काळजाचं पाणी झालं.

माणूस उगाच गोड होत नाही, आणि कालीपासारखं माणूस तर नाहीच नाही. जिपारने सुनेला, जाझगुलला, हाक मारली, चहा आला, कालीपाने त्याच समोवारातला चहा घोट घोट घेतला आणि वर म्हणाली, "चांगला उकळतो गं अजून. असू दे, तुझाच आहे. तुझ्यामागे जाझगुलला दे." मग जीभ चावून म्हणाली, "म्हणजे, म्हातारी झालीस की."

जिपारला म्हातारपण लांब होतं. पन्नाशी नुकती उलटली होती. शाळेच्या स्वयंपाकघरात ती भलं मोठं पातेलं एकटीने चुलीवरून उतरवायची. उन्हाळ्याची सुट्टी संपली आणि ते तिला हलेना. अंग वाळत चाललं आणि पोट मात्र वाढत गेलं. बरोबरच्या बायका म्हणायच्या, "काय गं, विधवेला दिवस गेले की काय?" तीही हसायची. पण संध्याकाळ झाली की बारीक ताप चढायचा, घामाने उशी भिजायची, तळणीचा वास आला तरी ढवळून यायचं. शेवटी मुलाने, एर्मेकने, शेजाऱ्याची गाडी मागितली आणि तिला राजधानीला, बिश्केकला नेलं.

तिथे पोटावर यंत्र फिरवलं, रक्त काढलं, आणि मग आसीपा नावाच्या डॉक्टरीणबाई एर्मेकला बाहेर घेऊन गेल्या. जिपार खाटेवर बसून दाराकडे बघत राहिली. एर्मेक परत आला तो तोंड धुऊन.

"काही नाही आई," तो म्हणाला. "सूज आहे. पोटात पाणी झालंय. थोडं उघडून बघतील, एक तुकडा तपासायला पाठवतील, की झालं."

थंडीच्या दिवसांत तोंड कशाला धुतलंस, हे तिने विचारलं नाही.

आमच्याकडे रोग्याला कॅन्सर कधी होतच नाही. तो नातेवाइकांना होतो. रोग्याला होते सूज, होतो अल्सर, फार तर फार जुना क्षय. डॉक्टर खरं सांगतात ते मुलाला, भावाला, बायकोला. आणि मग सगळं घर मिळून रोग्यापुढे नाटक करतं. कुणी वाईट बुद्धीने करत नाही. आशा सुटली की माणूस लवकर जातो, अशी समजूत आहे, आणि आपल्या माणसाला तोंडावर मरण सांगायला जीभ तरी कशी उचलेल?

जिपारने स्वतः हे नाटक केलं होतं. नवरा, कुबात, पोटाच्या कॅन्सरने गेला. तिने त्याला शेवटपर्यंत अल्सर आहे म्हणूनच सांगितलं. तपासणीचा निकाल कळला त्या दिवशी आधी गोठ्यात जाऊन पोटभर रडली, मग बूट न काढताच हसत धावत आत गेली, "अहो, साधा अल्सर निघाला" म्हणत. वसंतात तुम्हीच लावा म्हणून बियाण्याचे बटाटे त्याच्या खाटेखाली कोंब यायला ठेवले. अख्खं गाव म्हणालं, धन्य आहे बाईची, नवऱ्याला ताकास तूर लागू दिली नाही.

तेव्हा जिपारलाही तसंच वाटलं होतं. आता ती स्वतः त्या जागेवर पडली, तेव्हा कळलं की अंथरुणातून सगळं दिसतं. सून चुलीशी पाठ करून का उभी राहते ते दिसतं. मुलगा जेवताना एकदम उठून बाहेर का जातो ते दिसतं. कुबात शेवटी शेवटी तिच्या तोंडाकडे बघून हसायचा. ते बरं वाटल्याचं हसू नव्हतं. त्याला सगळं माहीत होतं, आणि बायकोची मेहनत वाया जाऊ नये म्हणून बिचारा कोंब मोजत पडायचा. हे लक्षात आलं तेव्हा जिपारने गोधडीचं टोक तोंडात कोंबलं आणि रडली.

पोट उघडून, पाणी काढून, टाके घालून तिला घरी आणलं, तेव्हा अंगणात लाल घोडी खुंटाला बांधलेली होती.

"ही इथे कशी?" जिपारने विचारलं. बर्फ पडेपर्यंत घोडी डोंगरावर चरायची, हे वर्षानुवर्षांचं.

"पाय दुखावलाय तिचा," एर्मेक म्हणाला.

दुखऱ्या पायाच्या घोडीपुढे जवाची टोपली होती, आणि घोडी चारी पायांवर भक्कम उभी राहून खात होती. आमच्याकडे मयताला घोडा कापतात, आणि तो चरबी धरलेला लागतो. रोडकं जनावर वाढलं तर गेलेल्याची अब्रू जाते. कुबातच्या वेळी त्याचा घोडा तिने थोरल्या दिराच्या गोठ्यामागे लपवून पोसला होता. त्याने विचारलं तर म्हणाली, डोंगरावर आहे. एर्मेकला तेवढीही अक्कल नव्हती. त्याने आईचं मरण तिच्याच खिडकीसमोर बांधून ठेवलं होतं.

त्या दिवसापासून तिची भीतीने पाचावर धारण बसली. घोडी जव चावायची तो करकर आवाज खिडकीतून आत यायचा, आणि तिला वाटायचं, ही एकेक घास खातेय तो माझ्या दिवसांतला. कुबातच्या वेदना तिने पाहिल्या होत्या. तशा आपल्याला झाल्या तर आपण ओरडू, सुनेसमोर, नातीसमोर, याची भीती. अंगावर माती पडण्याची भीती. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे हे कुणाला सांगायची सोय नव्हती. सूज आलेल्या बाईने मरणाला भ्यायचं कारण काय? ती भ्याली असती तर नाटक मोडलं असतं, आणि मुलगा कोलमडला असता. म्हणून लोक भेटायला येत, खाली मान घालून "बोललं-चाललं माफ कर हो" म्हणत, आणि ती म्हणे, "अहो, बरी होतेय मी."

कालीपा रोज यायची. पाय चेपायची, केस विंचरायची. एकदा दुपारी ती शेजारच्या खोलीत कणीक मळत होती आणि मळता मळता काहीतरी गुणगुणत होती. जिपारने कान दिला. मयताच्या घरी बायका भिंतीकडे तोंड करून गेलेल्याचे गुण गात रडतात, तो विलाप होता. कालीपा त्यात पटाईत. लांबून लांबून तिला बोलावणं येतं. "सोन्याच्या हातांची माझी धाकटी," ती हळू आवाजात जुळवत होती, "शाळेभरची पोरं जेवू घालणारी." थांबली, "पोरं" काढून "लेकरं" घातलं, आणि पुन्हा म्हणून बघितलं.

जिवंतपणी ज्या बाईने आपल्याला कधी बरं म्हटलं नाही, तिच्या तोंडून आपली स्तुती ऐकताना जिपारला इतकी थंडी वाजली की जाझगुलने दोन गोधड्या घातल्या तरी दात वाजत राहिले.

आणि मग एका सकाळी एर्मेक बूट न काढताच घरात घुसला. हातात फोन, डोळे वाहताहेत, आणि तोंडभर हसू. "आई, क्षय आहे. साधा क्षय. तुकड्याचा निकाल आला. पोटातला क्षय, गोळ्यांनी बरा होतो."

हे खरं होतं. तुम्हाला आत्ताच सांगून टाकलेलं बरं, उगाच जीव टांगणीला नको. त्या बाईला कॅन्सर नव्हताच. पण जिपारने काय पाहिलं? बूट न काढता आलेला माणूस, ओले डोळे आणि हसरं तोंड. अशीच ती स्वतः कुबातकडे धावत गेली होती. अगदी अशीच.

"बरं झालं बाळा," ती म्हणाली, आणि भिंतीकडे वळली.

एर्मेकला काय ते कळेना. त्याने डॉक्टरीणबाईंना फोन लावून तो आईच्या कानाला धरला. "जिपार, मी चुकले," आसीपा म्हणाल्या. "पोट उघडलं तर आत सगळीकडे बाजरीसारखे दाणे. कॅन्सरचेही तसेच दिसतात आणि क्षयाचेही. मला कॅन्सर वाटला. पण तुकड्यात क्षय निघाला. गोळ्या सलग घे, एकही दिवस चुकवू नकोस, बरी होशील. आणि तुझा पोटातला आहे, घरच्यांना लागायचा नाही."

"बरं, डॉक्टर," जिपार म्हणाली. मी चुकले म्हणणारा डॉक्टर तिने जन्मात पाहिला नव्हता. तिचा संशय पक्का झाला. किती लोकांना कामाला लावलंय पोराने, तिला वाटलं.

"मग घोडी सोड," ती म्हणाली.

एर्मेकने तिथल्या तिथे घोडी सोडली आणि डोंगरावर हाकलली. जिपारने खिडकीतून ती जाताना बघितली. एखाद्या गोठ्यामागे बांधली असेल, दुसरं काय. ती युक्ती तिचीच होती. चोराची पावलं चोराला ठाऊक, तसं तिचं झालं होतं. ज्या ज्या गोष्टीवर दुसऱ्या बाईने विश्वास ठेवला असता, ती प्रत्येक तिने स्वतः खोटी करून दाखवली होती.

गावच्या नर्सने गोळ्या जाझगुलच्या हाती दिल्या. पहिल्या दिवशी मुलाचं मन राखायला जिपारने त्या गिळल्या. दुपारी अंगणाच्या टोकाच्या संडासात गेली आणि खाली बघितलं, तर लाल. ती तिथेच लाकडी भिंतीला धरून उभी राहिली. रक्त जात होतं. कुबातलाही शेवटी गेलं होतं. मग कुंपण धरत धरत ती घरापर्यंत आली.

खरी गोष्ट अशी की ते औषध लघवी लाल करतं, आणि नर्सने जाझगुलला ते नीट समजावलं होतं. पण आमच्याकडची सून सासूपुढे मोठ्याने खोकत नाही, ती सासूला लघवीचा रंग काय सांगणार? नवऱ्याला सांग म्हणावं तर तीही लाज. जाझगुलने मनाशी म्हटलं, नर्सने त्यांनाही सांगितलंच असेल. आणि जिपार मुलाला सांगते थोडीच. सगळी माणसं चांगली, सगळ्यांना मर्यादा, आणि त्या मर्यादेपायी एक बाई मरायला टेकली.

दुसऱ्या दिवसापासून जिपार गोळ्या जिभेखाली धरायची, पाणी प्यायची, आणि सून वळली की त्या थुंकून लोकरीच्या नमद्याच्या सपातेत टाकायची. मग चुलीतल्या गोवऱ्यांत. पोट पुन्हा ताठ होऊ लागलं. ताप आता दुपारीच यायचा. एर्मेक पाहुण्यांना सांगत सुटला होता की आई बरी होणार, आणि ते मान हलवून म्हणायचे, "होणारच, होणारच." कालीपा साय आणतच होती. तिलाही खरं वाटलं नव्हतं.

शेवटी नर्सने तालुक्याला कळवलं की बाईला औषध लागू पडत नाही. तिथून क्षयाच्या दवाखान्याची गाडी आली, आत छातीचा फोटो काढायचं यंत्र असलेली, आणि या घरात ज्याने ज्याने खाल्लं-प्यायलं असेल त्या सगळ्यांना बोलावणं गेलं. पोटातला लागत नाही हे खरं, पण छातीतही नसेलच असं कोण सांगणार, म्हणून ही तपासणी. सगळ्यांत पहिलं नाव कालीपाचं.

दुपार कलली होती. जिपार खिडकीशी पडली होती, सकाळच्या गोळ्या अजून सपातेतच होत्या. अंगणाच्या फाटकातून आवाज आला.

"जिपार, बाहेर ये. मी आत येणार नाही."

जाझगुल धावली. "काकू, आत या ना, गारठा आहे."

"तुमच्या उंबऱ्याला पाय लावायची नाही मी," कालीपा म्हणाली. तिचा डोक्याचा रुमाल कानावर आला होता आणि आवाज साऱ्या गल्लीला जात होता. "क्षयाचं घर. भर गावात त्या गाडीत मला अर्धी उघडी केली, गार पत्र्याला छाती टेकवायला लावली. श्वास घ्या आजी, श्वास सोडा आजी. आजी कोण यांची? आणि कशापायी, तर हिचा चहा प्यायले म्हणून. एवढी वर्षं प्यायले नव्हते तेच बरं होतं."

"काकू, डॉक्टर म्हणाल्या, पोटातला लागत नाही."

"तुमच्या डॉक्टर आधी कॅन्सर म्हणत होत्या."

जाझगुलने तोंडावर हात ठेवला. जिपार कोपरावर उठून बसली. तो शब्द इतक्या दिवसांत तिच्या कानांवर कुणी पडू दिला नव्हता. पाहुण्यांनी गिळला होता, मुलाने धुऊन टाकला होता, आणि ही बया तो फाटकात उभी राहून भाजीच्या भावासारखा ओरडत होती.

"आणि ऐक," कालीपा पुढे म्हणाली, "माझा समोवार मला परत दे. तुझाच आहे असं मी म्हटलं होतं, पण ते मरणाऱ्या बाईला म्हटलं होतं. तू कुठली मरतेस. मरणाऱ्याशी भांडू नये म्हणून मी जीभ आवरली, पाय चेपले तुझे, साय आणली स्वतःच्या नातवंडांच्या तोंडची. वर विलाप रचला, एवढा लांब. सोन्याचे हात म्हटलं तुझ्या हातांना. कसले सोन्याचे? सासूचा समोवार लाटणारे हात."

जिपार ऐकत होती. कालीपा वाटेल ते करेल, पण खुदाला भिणारी बाई. मरणाऱ्या माणसाच्या दारात उभी राहून भांड्यासाठी भांडणार नाही. जीव गेला तरी नाही. एर्मेकने मिनतवाऱ्या केल्या, समोवार सोन्याने मढवून हातात दिला, तरीही नाही. गोड बोलायला कुणीही कुणालाही शिकवू शकतं. पण हा आवाज शिकवलेला नव्हता. हा तोच जुना आवाज होता.

ती भिंतीला धरून उठली. सपाता पायांत सरकवल्या आणि दारापर्यंत आली.

"समोवार मिळणार नाही," ती म्हणाली. आवाज चिरका निघाला.

"का म्हणून?"

"सासूबाईंची वाचा गेली होती."

"वाचा गेली होती, हात नव्हते गेले. बोटाने दाखवलं मला."

"बोट छताकडे होतं, जाऊबाई."

"छताकडे होतं कारण तू मध्ये उभी होतीस."

जिपार उंबऱ्यावरच बसली. रडू आलं ते आवाज करून आलं, लहान मुलासारखं, इतक्या दिवसांचं दाबलेलं. "मला भीती वाटतेय, जाऊबाई," ती म्हणाली. "लाल जातं मला. रक्त जातं. गोळ्या घेतल्या त्या दिवशी गेलं. मी नाही घेत गोळ्या." तिने पायातली सपाता काढून उलटी केली. सकाळच्या गोळ्या उंबऱ्यावर सांडल्या.

जाझगुल पांढरी पडली. कालीपाने फाटकावरून मान पुढे काढून गोळ्यांकडे बघितलं.

"अगं मूर्खे," ती म्हणाली, "लघवी लाल होणारच. त्या गाडीतली पोरगी ओरडून ओरडून सांगत होती सगळ्यांना, औषध लाल करतं, घाबरू नका. तुला नाही सांगितलं कुणी?"

जाझगुलने रुमालात तोंड लपवलं.

"लाजा," कालीपा म्हणाली. "लाजत लाजत हिला पुरली असतीत तुम्ही. पाणी आण. आणि नवीन गोळ्या आण, त्या सपातेतल्या टाक. जिपार, माझ्यादेखत गिळ. तू मेलीस तर समोवारासाठी मी या पोरीशी भांडू का? माझ्या वयाला शोभेल ते?"

जाझगुलने पाणी आणलं. जिपारने एकेक गोळी घेतली.

"तोंड उघड," कालीपा फाटकातून म्हणाली. जिपारने उघडलं. "इथून दिसत नाही. आणखी उघड." मग तिने फाटक ढकललं, तरातरा अंगण ओलांडलं, उंबऱ्यावर वाकली आणि जिपारची हनुवटी धरून तोंडात बघितलं. "जीभ वर कर. गालात? दुसऱ्या गालात?"

काही नव्हतं. कालीपा सरळ झाली, रुमाल नीट केला आणि आपण कुठे उभ्या आहोत ते बघून एक पाऊल मागे सरली.

"उद्या सकाळी येते," ती म्हणाली. "समोवार घासून ठेव."

"नाही घासणार," जिपार म्हणाली.